साध्या कॉम्प्युटरवर गेमिंगची सुरुवात : सांगलीतील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

बारावीच्या निकालानंतर किंवा इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या सुमारास सांगली-मिरजेतल्या अनेक घरांत पहिला लॅपटॉप किंवा असेंबल केलेला डेस्कटॉप येतो, आणि तोपर्यंत मोबाइलवर बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळणाऱ्या मुलामुलींना कॉम्प्युटरवरचे गेम पहिल्यांदा खुणावू लागतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कॉलेजच्या दिवसांत नेट कॅफेमध्ये काउंटर-स्ट्राइक खेळलेल्या आणि आता चाळिशीत पुन्हा काही खेळून पाहावे असे वाटणाऱ्यांसाठी, तसेच मुलांना नेमके काय घेऊन द्यावे या विचारात असलेल्या पालकांसाठीही तो आहे. माझे ठाम मत असे आहे की नवशिक्याला या छंदाची गोडी लागणे हे मशीनच्या किमतीपेक्षा पहिल्या तीन-चार गेमच्या निवडीवर अवलंबून असते, आणि घरात आहे त्या साध्या मशीनवर चालणारे उत्तम गेम इतके आहेत की पहिले वर्षभर मोठ्या खरेदीचा विषय काढण्याची गरज पडत नाही.

पायरी पहिली : आपले मशीन ओळखणे

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसरचे नाव, रॅम किती जीबी आहे, डिस्क एसएसडी आहे की हार्ड डिस्क आणि जीपीयू (ग्राफिक्सचे काम करणारा भाग) कोणता आहे, या चार गोष्टी दिसतात; त्या कागदावर उतरवून घ्याव्यात, कारण पुढे प्रत्येक गेमच्या पानावर दिलेल्या किमान अपेक्षांशी त्या ताडून पाहायच्या आहेत. मेमरीच्या पानावर रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत हेही लिहिलेले असते आणि नवशिक्याचे लक्ष नेमके त्याच ओळीकडे जात नाही. ज्या मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, तिथे ग्राफिक्सचे काम प्रोसेसरमधलाच एक भाग करतो आणि त्यासाठी तो मशीनची रॅम वापरतो. त्यामुळे एका स्लॉटमध्ये ८ जीबीची एकच स्टिक असेल, तर दुसऱ्या स्लॉटमध्ये त्याच जातीची आणि त्याच वेगाची आणखी एक स्टिक टाकल्यावर रॅमशी देवाणघेवाण दोन वाटांनी होऊ लागते आणि तोच गेम लक्षात येईल इतका सुरळीत चालतो. दुकानात ग्राफिक्स कार्डाची चौकशी करण्याआधी या एका स्टिकची चौकशी करावी.

डिस्क जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून घेणे हा दुसरा योग्य खर्च होय. एसएसडीमुळे खेळताना दिसणारे चित्र वेगवान होते असा समज आहे, तो बरोबर नाही; तिच्यामुळे विंडोज लवकर सुरू होते, गेम लवकर उघडतो आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाताना थांबावे लागत नाही. जुने मशीन घेत असाल तर विक्रेत्यासमोरच क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून डिस्कची प्रकृती आणि ती एकूण किती तास चालली आहे हे पाहून घ्यावे. हे पाहायला काही मिनिटे लागतात आणि प्रामाणिक विक्रेता त्याला हरकत घेत नाही.

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या पाहिजेत. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि गेम चालू असताना मशीन अधिकच तापते. ठरावीक तापमानाच्या वर गेल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो आणि आपल्याला वाटते की गेमच खराब आहे. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळू नये, कारण त्याची हवा आत घेण्याची जाळी बहुधा खालच्या बाजूला असते. डेस्कटॉपच्या पंख्यांमध्ये साठलेली धूळ वर्षातून एकदा ब्लोअर मारून काढून घ्यावी, आणि मशीन चार-पाच वर्षांचे असेल तर त्याच वेळी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर जायला मदत करणारा लेपही बदलून घ्यावा. दुसरी गोष्ट विजेची. वळवाच्या पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर खेळलेला भाग तर जातोच, शिवाय डिस्कवर काही लिहिले जात असतानाच वीज गेली तर फाइली बिघडतात. साध्या डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटांसाठी पुरतो, आणि गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला तेवढा वेळ पुरेसा असतो.

पायरी दुसरी : विंडोजचा प्रश्न सोडवणे

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेसाठी मिळणारे मोफत अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. याचा अर्थ घरातला सातव्या पिढीपर्यंतचा लॅपटॉप भंगारात काढावा असा मुळीच नाही. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवून त्यावर स्टीम हे गेम घेण्याचे आणि खेळण्याचे सॉफ्टवेअर चालवता येते. वाल्व्ह या कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजसाठी बनवलेले बहुसंख्य एकट्याने खेळायचे गेम लिनक्सवर जसेच्या तसे चालतात. मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच सुरू करून पाहता येते. डिस्कवरचे काहीही न पुसता वाय-फाय, आवाज आणि स्क्रीन नीट चालतात का ते तपासावे आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा. वेलोरंटसारखे ऑनलाइन गेम मात्र त्यांच्या फसवणूकविरोधी यंत्रणेमुळे लिनक्सवर चालत नाहीत, तेव्हा ज्याला तेच खेळायचे आहेत त्याने या वाटेला जाऊ नये.

पायरी तिसरी : गेम कोठून घ्यायचे

सुरुवातीला स्टीम हे एकच दुकान पुरेसे आहे. २००३ पासून चालत आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये किमती रुपयांत दिसतात, यूपीआयने पैसे भरता येतात, आणि नवशिक्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मागता येतात. ही सवलत संकोच न करता वापरावी. नवा गेम घेतल्यावर पहिल्याच बैठकीत तो आपल्या मशीनवर नीट चालतो का, अक्षरे वाचता येतात का आणि हाताला जमतो का हे पाहून घ्यावे. घेऊन ठेवलेला गेम दोन महिन्यांनी उघडला तर परतीची मुदत संपलेली असते.

आवडलेला गेम लगेच विकत न घेता विशलिस्टमध्ये टाकावा. स्टीमचे उन्हाळी आणि हिवाळी सेल दर वर्षी येतात आणि किंमत उतरली की ईमेलने कळवले जाते. एपिक गेम्सच्या दुकानात दर गुरुवारी संध्याकाळी एखादा गेम फुकट मिळतो आणि एकदा आपल्या अकाउंटवर घेतलेला गेम कायम राहतो. पण फुकट मिळाला म्हणून शंभर गेम साठवणाऱ्याचा एकही गेम पूर्ण होत नाही, असे मी माझ्या ओळखीतल्या अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे, तेव्हा तिथून घेतानाही निवड करावी. जीओजी या दुकानाचे वैशिष्ट्य वेगळे आहे. तिथे घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर आपल्याला उतरवून घेता येतो आणि तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवला की पुढे इंटरनेट असो वा नसो, गेम बसवता येतो. जुने गेम तिथे नव्या विंडोजवर चालतील अशी डागडुजी करून विकले जातात, म्हणून जुन्या आठवणींसाठी येणाऱ्या वाचकांनी शोध तिथूनच सुरू करावा.

क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटल्या जाणाऱ्या चोरीच्या गेमबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण पेन ड्राइव्हवरून ते हातोहात फिरतात आणि नवशिक्याची पहिली ओळख बहुधा त्यांच्याशीच होते. असा गेम बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, आणि ज्या मशीनवरून घरातले लोक बँकेचे व्यवहार करतात, त्या मशीनचा पहारा अनोळखी फाइलसाठी उठवणे हा धोका कोणत्याही सेलमधल्या किमतीपेक्षा मोठा आहे. शिवाय या लेखात पुढे सांगितलेले गेम बहुतेक एका-दोघांनी किंवा लहानशा चमूने वर्षानुवर्षे खपून बनवलेले आहेत. त्यांच्या कष्टाचे पैसे त्यांना मिळावेत असे मला मनापासून वाटते. पैसे नसतील तर पूर्णपणे मोफत आणि कायदेशीर गेमही पुढे सांगितले आहेत.

अकाउंट उघडताना मोबाइलवर स्टीम गार्ड (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सुरक्षा) सुरू करावे आणि 'माझ्या टीमला मत दे' असे सांगून मित्राच्या नावाने येणाऱ्या लिंकवर पासवर्ड कधीही टाकू नये; अकाउंट चोरीला जाण्याची ती सर्वांत रुळलेली वाट आहे. स्टीमचे अकाउंट १३ वर्षांखालील मुलांना उघडता येत नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. त्याचप्रमाणे पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि हे गेम यांची गल्लत करू नये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, पण ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम वेगळे धरले आहेत. मुलगा कॉम्प्युटरवर शेतीचा गेम खेळतो आहे की जुगार हे पडद्याकडे पाच मिनिटे पाहिले तरी कळते, आणि ती पाच मिनिटे पालकांनी जरूर द्यावीत.

पायरी चौथी : पहिला गेम

माझ्या मते सांगली जिल्ह्यातल्या कोणाही नवशिक्याने स्टारड्यू व्हॅलीने सुरुवात करावी. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने काम करून त्याचे प्रोग्रामिंग, चित्रे, संगीत आणि संवाद असे सगळे केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बाजारात आणला. त्याला २ जीबी रॅम आणि सुमारे ५०० एमबी जागा पुरते, वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि मोबाइलच्या इंटरनेटवरूनही तो थोड्या वेळात उतरवता येतो. शहरातल्या नोकरीला कंटाळलेला एक माणूस आजोबांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतावर येतो, एवढीच त्याची सुरुवात आहे.

पहिल्या दिवशी गावाचे प्रमुख लुईस पार्सनिप या गाजरासारख्या कंदाच्या १५ बिया देतात. त्या पेरून रोज पाणी घातले की ४ दिवसांत पीक हाती येते. पाऊस पडला त्या दिवशी पाणी घालावे लागत नाही, आणि उद्याचा हवामानाचा अंदाज घरातल्या टीव्हीवर मिळतो, तेव्हा रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी तो पाहण्याची सवय लावावी. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो आणि ऋतू पालटला की शेतातले त्या ऋतूचे पीक वाळून जाते. म्हणून महिन्याच्या २५ तारखेला चार दिवसांचे बी घेण्यात अर्थ नसतो. वसंतातल्या १३ तारखेच्या जत्रेत स्ट्रॉबेरीचे बी मिळते, त्यासाठी थोडे पैसे राखून ठेवावेत आणि ते त्याच दिवशी पेरावे, म्हणजे महिना संपण्याआधी दोन तोडे मिळतात. सुरुवातीला मासेमारी जमत नाही म्हणून निराश होऊ नये. ती खरोखरच अवघड आहे आणि अनुभव वाढला की आपोआप सोपी होते.

सर्वांत महत्त्वाची सूचना सेव्हबद्दलची आहे. या गेममध्ये पात्र अंथरुणावर झोपले की मगच गेम सेव्ह होतो. दिवसाच्या मध्येच लाइट गेली तर तो दिवस पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागतो, आणि यूपीएसचा आग्रह मी वर धरला त्याचे हेही एक कारण आहे. गेममधला एक दिवस खऱ्या घड्याळात पंधरा मिनिटांच्या आतच संपतो, त्यामुळे 'हा दिवस झाला की उठतो' असे घरात सांगणे आणि ते पाळणे दोन्ही शक्य होते.

द्राक्षाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्या वाचकाला या गेममध्ये जी मजा येईल ती इतरांना येणार नाही. गेममध्ये द्राक्षाची लागवड शरद ऋतूत करतात. १० दिवसांनी पहिला तोडा येतो आणि मग दर ३ दिवसांनी फळ धरत राहते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी, औषधांच्या फवारण्या आणि अवकाळी पावसाची धास्ती असे वर्षभराचे चक्र असते. त्या मानाने हे फारच सोपे प्रकरण आहे आणि बागायतदार वाचकाला ते खटकेल हे मान्य करावे लागेल. पण एका बाबतीत गेम अगदी बरोबर वागतो. वेल मांडवावर चढवलेला असल्याने त्यातून आरपार चालता येत नाही, आणि ज्याने ओळींमध्ये वाट न सोडता सलग चौकोन लावला त्याला मधल्या वेलींपर्यंत पोहोचता येत नाही. दोन ओळी, मग एक वाट, पुन्हा दोन ओळी अशी आखणी करावी. मार्च २०२४ च्या १.६ या मोठ्या अपडेटनंतर गेममध्ये सुकवणी यंत्रही आले आणि त्यात ५ द्राक्षे घातली की दुसऱ्या दिवशी बेदाणा तयार मिळतो. तासगावच्या शेडमध्ये साधारण ४ किलो द्राक्षांपासून १ किलो बेदाणा होतो आणि त्याला पंधरवडा लागतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पडद्यावरचा तो छोटा बेदाणा पाहून आनंद झाल्याशिवाय राहणार नाही.

या गेमचा 'शेवट' कोठे धरावा असा प्रश्न पडेल. गावातल्या मोडक्या समाजमंदिराच्या खोल्या एकेक करून दुरुस्त करणे हे उद्दिष्ट ठेवावे. ते पूर्ण झाले की पहिला गेम पूर्ण झाला असे समजावे आणि मगच पुढच्याकडे वळावे.

पायरी पाचवी : माउस आणि कीबोर्डवर हात बसवणे

मोबाइलवरून आलेल्या खेळाडूला पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे, म्हणजे फर्स्ट पर्सन, गेम कॉम्प्युटरवर सुरुवातीला जमत नाहीत, कारण डाव्या हाताने डब्ल्यू, ए, एस आणि डी ही बटणे सांभाळत उजव्या हाताने माउसने नजर फिरवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ते शिकण्यासाठी २००७ सालच्या पोर्टलइतका चांगला गेम मला माहीत नाही. भिंतीवर दोन दारे उघडायची आणि एका दारातून आत शिरून दुसऱ्यातून बाहेर यायचे, एवढ्या एका कल्पनेवर तो उभा आहे. घाई नाही, गोळीबार जवळजवळ नाही, आणि प्रत्येक खोली मागच्या खोलीत शिकलेल्या गोष्टीत एकच भर घालते. आठवड्याच्या शेवटी दोन बैठकांत तो संपतो. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हेही जाणून घ्यावे की अमेरिकेतल्या डिजिपेन या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या नार्बाक्युलर ड्रॉप या प्रकल्पातून त्याचा जन्म झाला आणि तो प्रकल्प पाहून वाल्व्हने त्या विद्यार्थ्यांना नोकरीवर घेतले.

लॅपटॉपच्या टचपॅडवर हा गेम खेळू नये. वायरचा साधा माउस पुरतो. खेळताना मळमळ होऊ लागली तर लगेच थांबावे, खोलीतला दिवा लावावा, पडद्यापासून थोडे लांब बसावे आणि पुढच्या वेळी लहान बैठक घ्यावी. बहुतेकांना काही दिवसांत सवय होते, काहींना होत नाही, आणि ज्यांना होत नाही त्यांनी या प्रकारचे गेम सोडून दिल्याने काही बिघडत नाही.

गेम अडखळत असेल तर सेटिंग बदलण्याचा क्रम लक्षात ठेवावा. आधी सावल्या कमी कराव्यात, मग रिझोल्यूशन एक पायरी खाली आणावे, आणि तरीही वेग कमी-जास्त होत असेल तर तो सेकंदाला ३० फ्रेमवर (म्हणजे ३० चित्रांवर) बांधून टाकावा. सतत बदलत्या वेगापेक्षा स्थिर ३० फ्रेम डोळ्यांना कितीतरी बऱ्या वाटतात.

पायरी सहावी : विचार करायला लावणारे गेम

सांगलीला बुद्धिबळाची मोठी परंपरा आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि १९४१ पासूनचे नूतन बुद्धिबळ मंडळ यांची नावे इथल्या जुन्या पिढीला सांगावी लागत नाहीत, आणि माझ्या मते त्यामुळेच इथल्या नवशिक्यांना डावपेचांचे गेम लवकर भावतात. बुद्धिबळच खेळायचे असेल तर लीचेस हे पूर्णपणे मोफत आणि जाहिरातमुक्त व्यासपीठ ब्राउझरमध्येच चालते. डाव संपल्यावर कोणती खेळी कोठे चुकली याचे विश्लेषणही ते फुकट करून देते.

त्यापुढे मोफत गेममध्ये माझी पहिली पसंती ओपनटीटीडीला आहे. १९९० च्या दशकातल्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स या गेमचा हा मुक्त अवतार २००४ पासून विकसित होत आहे, आणि त्याची सुरुवात लुडविग स्ट्रिगियस या स्वीडिश प्रोग्रामरने केली, ज्याने पुढे यूटोरेंट लिहिले. वाहतूक कंपनी उभी करणे हे यातले काम आहे. नवशिक्याने पहिल्याच दिवशी रेल्वेचे जाळे विणायला जाऊ नये. एक कोळशाची खाण आणि तिच्यापासून बऱ्यापैकी लांब असलेले वीजकेंद्र शोधावे, दोघांमध्ये एकेरी रूळ टाकावा, एक गाडी पूर्ण भरूनच सुटेल अशी आज्ञा द्यावी आणि पैसे येताना पाहावेत. भाडे अंतर आणि लागलेला वेळ यांवर ठरते, त्यामुळे शेजारच्या दोन ठिकाणांमधली गाडी कधीच पोट भरत नाही. दुसरी गाडी टाकायची वेळ आली की मगच सिग्नल शिकावेत. मिरज जंक्शनवर उभे राहून गाड्यांची ये-जा पाहण्यात ज्यांना गोडी वाटते, त्यांना हा गेम सहजासहजी सुटणार नाही.

एज ऑफ एम्पायर्स २ हा वसाहत वाढवून सैन्य उभारण्याचा १९९९ चा गेम आजही जिवंत आहे, हे मला फार समाधानाचे वाटते. २०१९ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती घ्यावी, पण तिला जागा आणि ग्राफिक्स दोन्ही जास्त लागतात, म्हणून पहिल्या पायरीत लिहिलेला कागद इथे काढून पाहावा. सुरुवातीला तीन गावकरी मिळतात. नवे गावकरी तयार करणारे टाउन सेंटर कधीही रिकामे बसू द्यायचे नाही, प्रत्येक गावकऱ्याला ५० अन्न लागते म्हणून आधी मेंढ्या शोधायच्या, आणि सैन्याचा विचार पहिली दहा मिनिटे मनातही आणायचा नाही, एवढे तीन नियम पाळले तरी कॉम्प्युटरच्या सोप्या पातळीला हरवता येते. अनोळखी लोकांशी ऑनलाइन खेळण्याची घाई करू नये. तिथले खेळाडू पंचवीस वर्षे मुरलेले आहेत.

राजी : ॲन एन्शंट एपिक याचा उल्लेख वेगळा करतो, कारण तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवून २०२० मध्ये आणला. भावाला शोधायला निघालेल्या राजीची ही गोष्ट आहे. राजस्थानी वाड्यांसारखी स्थापत्यरचना, पहाडी शैलीची चित्रे आणि छायाबाहुल्यांनी सांगितलेले प्रसंग पाहण्यासारखे आहेत. मारामारीचा भाग मध्यानंतर तोच तो वाटतो हे खरे, पण गेम लहान असल्याने तो कंटाळा फार टिकत नाही. स्टारड्यूपेक्षा याला बरेच ताकदवान ग्राफिक्स लागते. मशीन पुरत नसेल तर परतीची मुदत लक्षात ठेवावी.

हॉलो नाइट आणि सेलेस्ट या दोन अप्रतिम गेमची शिफारस नवशिक्यांना सर्रास केली जाते, तिच्याशी मी सहमत नाही. दोन्ही साध्या मशीनवर चालतात आणि दोन्ही मला प्रिय आहेत, पण दोन्ही कठीण आहेत आणि हात बसण्याआधी खेळल्यास माणूस या छंदालाच कंटाळतो. २०१८ च्या सेलेस्टमध्ये असिस्ट मोड आहे, त्यात गेमचा वेग कमी करता येतो. तो वापरण्यात कमीपणा मानू नये. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या अगदी छोट्या चमूचा हॉलो नाइट सहा महिन्यांनंतर हाती घ्यावा.

पायरी सातवी : एकत्र खेळणे

एका कॉम्प्युटरवर भावंडांनी मिळून खेळायला सुपरटक्सकार्ट हा मोफत रेसिंग गेम उत्तम आहे. एकाने कीबोर्ड आणि दुसऱ्याने कंट्रोलर घेतला की पडदा दुभागून दोघे एकाच वेळी गाडी चालवू शकतात. घरात दोन मशीन असतील तर एकाच वाय-फायवर स्टारड्यू व्हॅलीचे एकच शेत दोघांना कसता येते. त्यासाठी दोघांकडे गेम असावा लागतो, दोन्ही मशीनवर गेमची आवृत्ती एकच असावी लागते, आणि पहिल्यांदा जोडताना विंडोज फायरवॉल परवानगी मागते तेव्हा ती खासगी नेटवर्कसाठी द्यावी लागते. बहुतेक वेळा मित्राचे शेत यादीत दिसत नाही त्याचे कारण ही नाकारलेली परवानगीच असते. होस्टेलवर राहणाऱ्यांसाठी स्टीममध्ये २०२३ पासून एक सोय आहे : एकाच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनमध्ये तोच गेम आधीपासून असेल तर तो इंटरनेटवरून न उतरवता थेट त्या मशीनवरून घेता येतो. ही सोय सेटिंगमधल्या डाउनलोड या भागात मिळते, दोन्ही मशीनवर ती चालू असावी लागते, आणि एज ऑफ एम्पायर्ससारखा मोठा गेम खोलीतल्या चौघांनी खेळायचा असेल तेव्हा तो एकानेच रात्री उतरवावा आणि सकाळी बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यावा.